घरून काम आणि प्रवास : नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचाय, मदत हवी

रातराणी

नमस्कार मंडळी. मोबाइल आणि लॅपटॉपवर इथे भरपूर धागे आहेत, पण हेडफोनवर कामाचं काही सापडलं नाही, म्हणून नवा काढतेय.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. आठवड्यातले चार दिवस घरून काम आणि त्यात रोज चार-पाच तास कॉल. महिन्यातून दोनदा मुंबईच्या ऑफिसला जावं लागतं, सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने जाते आणि संध्याकाळी तिनेच परत येते. वर्षातून दोन-तीन वेळा बंगळूरला विमानाने.

आवाजांचं म्हणाल तर शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू आहे, दहा वाजले की काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालू. घरात बाबांचा टीव्ही. बाबा ७६ वर्षांचे आहेत, दिवसभर बातम्या लावतात आणि आवाजाचा आकडा ४० च्या खाली येत नाही. शिवाय कुकर, मिक्सर, दाराशी भाजीवाला. मागच्या मंगळवारी दार-खिडक्या लावून, पडदे ओढून मीटिंगला बसले होते, तरी समोरच्या बाईंनी विचारलं, "आपण बाहेर कुठे आहात का? नंतर बोलू या का?" त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या, पण मला फार लागलं ते. त्या कॉलसाठी दोन दिवस तयारी केली होती.

आधी अडीच हजारांचे इयरबड घेतले होते. डब्यावर ठळक अक्षरांत नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं. घातले तर ब्रेकर आहे तसाच!

बजेट वीस हजार. मला चष्मा आहे. काय घेऊ?

चिंचवडकर

ताई, आधी एक काम करा. त्या इयरबडचा डबा ठेवला असेल तर बारीक अक्षरांत एएनसी लिहिलंय की ईएनसी ते बघा.

रातराणी

डबा आहे. ईएनसी लिहिलंय. दोन्हींत फरक असतो?

चिंचवडकर

जमीन-अस्मानाचा. ईएनसी असते माईकसाठी. तुमच्या आजूबाजूचा गोंगाट समोरच्या माणसाला कमी ऐकू जावा म्हणून. तुमच्या कानांना तिचा काडीचा उपयोग नाही. एएनसी म्हणजे तुमच्या कानांत येणारा आवाज कमी करणारी सोय. स्वस्त मालाच्या डब्यांवर दोन्हींना सरसकट नॉइज कॅन्सलेशन म्हणतात आणि माणूस फसतो. माझ्या मेव्हण्याचेही दोन हजार असेच गेले.

आता तुमचं दुखणं नीट बघा. मंगळवारी झालं ते तुमच्या कानांचं नव्हतं, त्या बाईंच्या कानांचं होतं. तुम्ही पन्नास हजारांचा एएनसी हेडफोन लावला असतात तर ब्रेकर तुम्हाला कमी ऐकू आला असता, त्यांना तसाच गेला असता. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच वस्तूत उत्तम मिळतील अशी आशा धरू नका.

तिसरी_घंटा

चिंचवडकरांना अनुमोदन. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. हे कळलं की कुठला हेडफोन घ्यायचा ते निम्मं आपोआप ठरतं.

एएनसी हेडफोनच्या बाहेरच्या बाजूला छोटे माईक असतात, चांगल्या हेडफोनमध्ये आतही असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतलं सर्किट त्याची उलटी लहर तयार करतं आणि ती कानात सोडतं. मूळ लहरीचा उंचवटा आणि उलट्या लहरीचा खळगा एकमेकांवर आले की दोन्ही शमतात. मात्र ते वेळेवर एकमेकांवर यायला हवेत. १०० हर्ट्झची घरघर घ्या, तिची एक लहर साडेतीन मीटरभर लांब असते, जुळवायला भरपूर सवड मिळते. ३००० हर्ट्झच्या शिट्टीची लहर जेमतेम ११ सेंटिमीटर. तिथे जरा चूक झाली की लहरी जुळतच नाहीत. म्हणून एएनसीचा खरा जोर साधारण १००० हर्ट्झच्या खाली चालतो. त्यावरचे आवाज अडवायचे ते हेडफोनच्या गादीने, म्हणजे कान नुसता झाकून.

दुसरी अट सातत्याची. एकसुरी, न थांबणारा आवाज असेल तर उत्तम. विमानाची घरघर, एसी, पंखा, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातला गुंजारव हे सगळं गायब झाल्यासारखं वाटतं. माणसाचं बोलणं, कुकरची शिट्टी, हॉर्न, भांडं पडणं हे कमी होतं, जात नाही. ब्रेकरचा घुमणारा भाग कमी होईल, पण त्याचा ठोका अचानक येतो, तो राहणार.

ही गोष्ट मुळात विमानासाठीच पुढे आली. कल्पना जुनी आहे, पॉल ल्युग या जर्मन माणसाला १९३६ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं, पण ती अमलात आणण्याजोगं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हतं. १९७८ साली बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला चालले होते. विमान कंपनीने दिलेले हेडफोन लावले, तर इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकूच येईना. त्यांनी त्या प्रवासातच गणितं मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा त्यांचा पहिला हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं, आणि सामान्य प्रवाशांसाठीचा क्वाएटकम्फर्ट २००० साली. (अवांतर : अमर बोस यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेला गेलेले. बोस नाव बघून अनेकांना प्रश्न पडतो, म्हणून लिहिलं.)

दिवा_सावंतवाडी

तिसरी_घंटा, सुरेख समजावलंत. लहरीच्या लांबीचं आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

माझा रेल्वेचा अनुभव लिहितो. महिन्यातून एकदा गावी जातो, पाच वर्षं झाली एएनसी वापरतोय. एसी चेअरकार किंवा थ्री टायरमध्ये पैसे वसूल. स्लीपरला खिडक्या उघड्या असल्या की निम्माच फायदा. बोगद्यात गाडी शिरली की धडधड कानावर येतेच, आणि माईकवर वारा लागला की हेडफोनमधूनच फरफर आवाज येतो. खिडकीची जागा मिळाली तर मी एएनसी बंद करतो.

रातराणीताई, डेक्कन क्वीनला तुम्ही चेअरकारने जात असाल तर डोळे मिटून घ्या.

सागरगोटा

मी नेदरलँड्समध्ये असतो. ॲमस्टरडॅम-मुंबई आठ-नऊ तासांचं विमान, वर्षातून एकदा तरी होतंच. विमानाबद्दल थोडं.

सोनीची डब्ल्यूएच-१००० मालिका वापरतोय, आधी तिसरी आवृत्ती होती, आता चौथी. २०२० मध्ये आलेली चौथी (एक्सएम४) घडी होऊन छोट्या डब्यात बसते. २०२२ ची पाचवी हलकी आहे, २५० ग्रॅम, पण ती घडी होत नाही, नुसती सपाट होते, त्यामुळे डबा मोठा. लोकांनी कुरकूर केल्यावर असेल कदाचित, २०२५ च्या सहाव्या आवृत्तीत घडी परत आणली. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली असं सगळं असलं की हा फरक लहान राहत नाही.

बॅटरीचा बाऊ करू नका. आता बहुतेकांची २४ ते ३० तास चालते, सेनहायझरच्या मोमेंटम ४ ची ६० तास सांगतात. बंगळूरच्या दीड तासाला काहीही चालेल. मात्र ३.५ मिलिमीटरची वायर सोबत ठेवा. विमानातल्या सीटसमोरच्या पडद्याला बहुतेक ठिकाणी ब्लूटूथ नसतं. आणि तान्हं बाळ रडायला लागलं तर ते ऐकू येणार, त्याला इलाज नाही. मागच्या खेपेला शेजारच्या सीटवरच्या आईला बाळाच्या रडण्याचा मला त्रास होईल असं वाटत होतं, माझ्या कानांवर हेडफोन बघून तिला हायसं वाटलं. प्रत्यक्षात मला बाळ व्यवस्थित ऐकू येत होतं. तिला तसं सांगितलं नाही.

निवांत_दुपार

चष्म्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझाही चष्मा जाड काड्यांचा. काडी गादीखालून जाते तिथे फट राहते आणि त्या फटीतून नेमकी खालच्या सुरातली घरघर आत येते, म्हणजे एएनसी जे करायला बसलीय तेच बिघडतं. दुकानात तपासायची युक्ती : चष्म्यासकट हेडफोन लावा, गाणं लावू नका, एएनसी चालू करून एसीच्या खाली किंवा मोठ्या पंख्याजवळ उभ्या राहा. मग दोन्ही तळव्यांनी कप कानांवर हलकेच दाबा. दाबल्यावर घरघर एकदम कमी झाली तर तो हेडफोन तुमच्या चेहऱ्याला नीट बसत नाहीये. मऊ, जाड गादीचा बघा. मी शेवटी बारीक धातूच्या काड्यांची फ्रेम करून घेतली, तिने जितका फरक पडला तितका महागड्या हेडफोनने पडला नसता.

आणि दुकानात निदान वीस मिनिटं लावून ठेवा. दोन मिनिटांत सगळेच छान वाटतात. डोक्यावरचा दाब आणि कानशिलावर चष्म्याची काडी रुतणं पंधरा मिनिटांनंतर कळतं. काहींना एएनसी लावल्यावर घाट चढताना कानात दडे बसतात तसं वाटतं, तेही तेव्हाच लक्षात येतं.

बिनधास्त_बंड्या

इतका विचार कशाला? वीस हजार आहेत ना, सेलमध्ये एक्सएम४ उचला, विषय संपला. कॉल, गाणी, प्रवास सगळं एकाच हेडफोनवर. माझं तीन वर्षं उत्तम चाललंय.

चिंचवडकर

बंड्या, तुझे कॉल किती? आठवड्यात दोन. ताईंचे दिवसाला चार-पाच तास आहेत. एक्सएम४ ला मी नावं ठेवत नाही, प्रवासाला झकास आहे. पण त्याचे माईक कानाजवळ, तोंडापासून वीतभर लांब. शेजारी ब्रेकर चालू असताना तो बिचारा माईक आवाज निवडणार कसा?

कॉलसाठी तोंडासमोर दांडी येणारा हेडसेट घ्यावा. कॉल सेंटरवाले उगाच वापरत नाहीत. यूएसबीचा वायरवाला दोन-तीन हजारांत चांगला मिळतो. माईक ओठांपासून दोन बोटांवर असला की तुमचा आवाज मोठा जातो आणि बाकीचा गोंगाट आपसूक मागे पडतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. ब्लूटूथ हेडफोनचा माईक सुरू झाला की हेडफोन दुसऱ्या रीतीने जोडला जातो आणि ऐकू येणारा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. अनेकांना वाटतं हेडफोन बिघडला. बिघडलेला नसतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकायला हेडफोन आणि बोलायला लॅपटॉपचा माईक असं निवडलं की आवाज परत स्वच्छ होतो. शांत खोलीत हे चालतं, तुमच्याकडे नाही चालणार.

बिनधास्त_बंड्या

पत्र्याचा डबा! अगदी हेच होतं माझं. मी दोनदा सेवा केंद्रात जाऊन आलो त्यासाठी. आज सेटिंग बदलून बघतो. माझं विधान मागे घेतो, ताईंनी हेडसेट वेगळा घ्यावा.

जुनी_लोकल

डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. एकच विनंती आहे, आणि ती सगळ्यांना आहे. फलाटावर, रस्ता ओलांडताना, रिक्षातून उतरताना एएनसी चालू ठेवू नका. दुचाकीवर तर हेडफोन नकोच. येणाऱ्या गाडीची लांबून येणारी घरघर हाच आपल्याला मिळणारा पहिला इशारा असतो, आणि एएनसी नेमका तोच आवाज खाते. आमच्या डब्यातली एक मुलगी फलाटाच्या कडेला उभी होती, मागून जलद गाडी आली, एका काकूंनी दंडाला धरून मागे ओढलं. तिला गाडी दिसेपर्यंत कळलंच नव्हतं. मी शेजारी उभी होते, आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड असतो, त्याचं बटण अंधारातही सापडेल इतकं हाताला सवयीचं करून घ्या.

कर्णिका

धागा शांतपणे वाचत होते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, श्रवणचाचण्या घेणं हे माझं रोजचं काम.

आधी रातराणी, तुमच्यासाठी. रोज इतके तास कानाला काही लावायचं तर आवाजाची पातळी सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. एएनसीचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा हा की आवाज वाढवावा लागत नाही. कानात घालायचे इयरबड तासन्‌तास वापरणार असाल तर पावसाळ्यात जपा. दमट हवेत कान बंद राहिला की बुरशी धरते, जुलै-ऑगस्टमध्ये असे कान रोज बघते. वरून बसणारा हेडफोन त्या मानाने बरा. ज्यांच्या कानात मुळात गुणगुण असते त्यांना पूर्ण शांततेत ती जास्त जाणवते, त्यांनी घेण्याआधी लावून बघावा.

आता जे लिहायचं म्हणून लॉगिन केलं ते. तुमच्या बाबांचा टीव्ही ४० वर आहे, हा मला गोंगाटाचा प्रश्न वाटत नाही. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या सुरातले आवाज जातात. स, श, फ, त ही व्यंजनं तिथेच असतात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. मग तो टीव्ही वाढवतो, फोनवर "हो हो" म्हणून वेळ मारून नेतो, चार माणसांत बोलायचं टाळतो. बाबा अलीकडे गप्प बसतात का? तुम्ही पाठमोऱ्या बोललात तर "काय?" विचारतात का? तसं असेल तर हेडफोनच्या आधी त्यांची श्रवणचाचणी करा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कधी कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं. चाचणी अर्ध्या-पाऊण तासाची, काहीही टोचत नाहीत. मुंबईकरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, पुण्यात मोठ्या रुग्णालयांत सोय असते.

रातराणी

कर्णिका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाबा गेल्या वर्षापासून सोसायटीच्या कट्ट्यावर जात नाहीत. आम्हाला वाटलं गुडघे दुखतात. "काय?" तर दिवसातून दहादा. मी वैतागून मोठ्याने बोलते, मग ते आणखी गप्प होतात. मी त्यांच्याकडे गोंगाट म्हणून बघत होते. उद्याच वेळ घेते.

दिवा_सावंतवाडी

ताई, नक्की न्या. आमच्या आईचं आम्ही चार वर्षं लांबवलं.

रातराणी

धागा वर काढतेय, पाच आठवडे झाले. सगळ्यांना सविस्तर कळवायचं होतं.

कॉलसाठी दांडीवाला यूएसबी हेडसेट घेतला. आणल्या दिवशी ब्रेकर चालू असताना मीटिंगच्या ॲपमधला टेस्ट कॉल लावून माझाच आवाज ऐकला. ठोके मागे कुठेतरी दूर, शब्द स्वच्छ. मंगळवारच्या त्या बाईंशी परत बोलणं झालं, पन्नास मिनिटं, त्यांनी आवाजाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

प्रवासासाठी सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन घेतला, साधारण दहा हजारांत. दुकानात निवांत_दुपार यांची तळव्यांची युक्ती चार हेडफोनवर केली. एक खूप महागडा होता, तोच माझ्या चष्म्यावर सर्वांत वाईट बसला. हा १९२ ग्रॅमचा आहे, घातल्याचं जाणवत नाही. एएनसी मोठ्या भावंडांइतकी नाही, हे दुकानातच कळलं, पण गेल्या आठवड्यात डेक्कन क्वीनमध्ये कर्जतपर्यंत एक अहवाल वाचून झाला. शेजारच्यांचं बोलणं ऐकू येत होतं, डब्याची घरघर नव्हती. गाणं लावलंच नाही. दादरला उतरायच्या आधी हेडफोन काढून सॅकमध्ये टाकला, जुनी_लोकल यांना सांगायचं होतं. घडी होत नाही हे मात्र खटकतं, सागरगोटा म्हणाले ते खरं, सॅकचा एक कप्पा तोच अडवतो.

बाबांच्या उजव्या कानात मळ होता, तो काढला. तरी चाचणीत दोन्ही कानांचा आलेख उजवीकडे उतरत गेलेला, म्हणजे वरच्या सुरातले आवाज कमी ऐकू येतात. दोन आठवड्यांपूर्वी श्रवणयंत्रं बसवली. पहिले तीन दिवस फार चिडचिड झाली, "काढून ठेवतो" म्हणायचे. कर्णिकांनी निरोपातून सांगितल्याप्रमाणे आधी दिवसाला दोन तास, मग चार असं वाढवत नेलं. टीव्ही आता १६ वर असतो.

परवा सकाळी बाबा पेपर वाचत बसले होते, आईने कुकर लावला होता. शिट्टी झाली तसे दचकून वर बघून म्हणाले, "ही रोज एवढी मोठी होते?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज." मग त्यांनी विचारलं, "आणि ही मुलगी यात काम कशी करते?" मी आतल्या खोलीत हेडसेट लावून बसले होते, पण कॉल अजून सुरू व्हायचा होता.

कर्णिका

रातराणी, छान बातमी. महिन्याभरात यंत्रं परत एकदा जुळवून घ्यायला न्या, शिट्टीसारखे आवाज टोचत असतील तर ते तिथे कमी करता येतात. आणि पावसाळा तोंडावर आहे, रात्री यंत्रं सिलिका जेल ठेवलेल्या डबीत ठेवत जा.

बिनधास्त_बंड्या

एक राहिलं : हेडफोनच्या गाद्यांचं कातडं घामाने दोन वर्षांत सोलतं, त्या वेगळ्या मिळतात. नवा हेडफोन घ्यायची गरज नाही. कोणाला बदलायच्या असतील तर सांगा, कशा काढायच्या ते फोटोंसकट टाकतो.

रातराणी

बंड्या, टाका ना. डबीही आजच आणते.